जयसिंगचा वस्तरा आणि तिसरा दगड

धायरीच्या जयसिंगला दाढी वस्तऱ्यानंच लागायची. वस्तरा बापाचा. बाप गेला, वावरात बिल्डिंगी उठल्या, जयसिंगही त्यातल्याच एकीत राहायला गेला, पण न्हाणीतल्या आरशापुढं वस्तरा उघडायचं काही सुटलं नाही. आता मात्र धार गेली होती. केस कापायचं सोडून पातं ओढायला लागलं, हनुवटी रक्ताळायला लागली. शेवटी बायको, कौशल्या, म्हणाली की टावेलाला अजून एकदा रक्त दिसलं की वस्तरा भंगारवाल्याच्या गाडीवर. ती बोलली की करते, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं खोट दगडात काढली. घरातला इळ्याला धार लावायचा दगड खरबरीत, म्हणून पेठेत युसूफभाईंच्या दुकानातून मऊसा करडा निसणा, धारेचा दगड, आणला. पाणी घालून वस्तरा घासला, मनगटावर फिरवून बघितला, तरी केस जिथल्या तिथं. मग त्याहून मऊ, साबणाच्या वडीसारखा पांढरा आणला. तरी म्हशीनं गवत उपटावं तशी दाढी उपटायची. कुणीतरी जपानी दगडाचं नाव काढलं, तसा हा वस्तरा नि पांढरा दगड पिशवीत घालून पुन्हा युसूफभाईंच्या दुकानात.

युसूफभाईंनी जपानी दगड दाखवलाच नाही. घरी कसं घासता ते इथंच करून दाखवा म्हणाले. जयसिंगनं जन्मभर इळ्यानं गवत कापलेलं. त्यानं पात्याची पाठ वर उचलली आणि धार तेवढी दगडावर घासली.

"मामा, हा विळा आहे का?" युसूफभाई म्हणाले. "पाठ टेकवा. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर बसली पाहिजेत."

"आन् पाठ झिजंल ती?"

"झिजू द्या. धारेबरोबर झिजायलाच तिला जाड ठेवलीय."

मग आधी करडा, मागून पांढरा, शेवटी चामड्याचा पट्टा, असा क्रम त्यांनी सांगितला. जपानी दगडाचं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, त्याच्यावरही तुम्ही विळाच चालवाल.

जयसिंग बसमध्ये त्यांना शिव्या घालत घरी आला आणि करडा दगड घेऊन बसला. हात सवयीनं पाठ वर उचलायचा, तो ती पुन्हा खाली टेकवायचा. वाकडी झालेली जुनी धार जाईस्तोवर कंबर धरली. पांढऱ्यावर मात्र पातं अलगद सरकायला लागलं. पट्ट्यावरून फिरवून त्यानं मनगटाला लावलं, तर केस झडले.

तो दाढीला उभा राहिला तशी कौशल्या मुद्दाम नवा पांढरा टावेल घेऊन दारात आली. गाल झाले, गळा झाला, हनुवटी झाली. तिनं स्वतःच त्याचं तोंड पुसलं आणि टावेल खिडकीशी नेऊन उलटापालटा बघितला.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "पर एक कल्ला वर, एक खाली झालाय."

कल्ला सारखा करायला त्यानं पुन्हा वस्तरा उघडला. तिनं तो हातातून काढून घेतला, मिटला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला.