हौश्याची बाजू

भाग्यश्रीनं आजवर ढोबळी मिरचीला नाचवलं आहे, ट्रॅक्टरला डोळा मारायला लावलं आहे आणि एका दूधवाल्याच्या जाहिरातीत म्हशीला चक्क गॉगल घातला आहे. सांगलीत जिन्याखालच्या एका खोलीत तिचं ॲनिमेशनचं काम बारा वर्षं बरं चाललंय. पण आष्ट्यात तिच्या वडिलांना, सुकुमार आप्पांना, कुणी विचारलं की लेक काय करती, तर ते म्हणत, "चित्रं हालवती." आणि लगेच समोरच्याच्या उसाची चौकशी करत. बारा वर्षांत त्यांनी तिचं एकही काम पाहिलं नव्हतं. मोबाइल पुढं धरला तर "चष्मा न्हाई गं" म्हणत, आणि चष्मा कपाळावर असे. भाग्यश्री हसण्यावारी न्यायची, पण तिला ते फार लागायचं. आप्पांनी एकदा, एकदाच तिचं काम नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा एका शेतीशाळेनं तिच्याकडं मिनिटभराची फिल्म मागितली. एक बैलजोडी, मागं कुळव, एक फेरी जायची, एक यायची. इंटरनेटवरचे गुबगुबीत बैल बघून तिला हसू आलं. तसले बैल फक्त केकवर शोभतात. मग तिनं आपल्याच घरचे काढले. टोक मोडलेल्या शिंगाचा हौश्या आणि काळ्या ठिपक्यांचा पाखऱ्या.

काढता काढता लहानपणचं सगळं जवळ आलं. कुळवाला वजन हवं म्हणून आप्पा तिला वर बसवायचे. ढेकळांवरून जाताना दातांवर दात आपटायचे, फ्रॉक मातीनं भरायचा आणि आप्पा बैलांशी अखंड बोलत असायचे. माणसांशी बोलताना त्यांना शब्द सापडत नसत, बैलांशी बोलताना कधी तोटा पडला नाही. ती चौदा वर्षांची असताना ट्रॅक्टर आला, जोडी गाडीसकट उंब्रजकडच्या एका शेतकऱ्याला गेली, आणि त्या दिवसापासून आप्पांनी बैलांचं नाव काढलं नाही. ते दिवस फार चांगले होते, असं तिला आता पस्तिशीनंतर वाटायला लागलं होतं.

तिच्या कामात पडद्यावरच्या वस्तूवर टिचकी मारली की बाजूला प्रॉपर्टीज पॅनल उघडतं. त्या वस्तूची जागा, आकार, तिरपेपणा, फिकेपणा, सगळं तिथं आकड्यांत मांडलेलं असतं. आकडा बदलला की वस्तू बदलते. जोडीचं जाणं तिनं चार दिवस खपून केलं. परत येण्याला मात्र सोपी युक्ती होती. रुंदीच्या शंभरापुढं उण्याचं चिन्ह घातलं, की अख्ख्या जोडीचं तोंड फिरलं. बारा वर्षं ती असंच करत आली होती, आणि मिरचीनं कधी तक्रार केली नव्हती.

रविवारी दुपारी ती आष्ट्याला गेली आणि घराच्या पुढच्या सोप्यात आप्पांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. आक्काताईनं, म्हणजे तिच्या आईनं, त्यांचा कपाळावरचा चष्मा स्वतःच्या हातानं नाकावर उतरवला. "आवं, बघा की जरा. आपलीच बैलं हाईत."

आप्पा पुढं सरकले. जोडी डावीकडून उजवीकडं गेली, तशी त्यांची मानही गेली. मग जोडी वळून परत निघाली आणि आप्पा ताडकन उठून रिकाम्या गोठ्याकडं चालू लागले.

भाग्यश्री लॅपटॉप तसाच सोडून उठली. ती मागोमाग गेली. "आवडलं नाही का, आप्पा?"

"जाताना माझी बैलं हाईत. येताना कुणाची हाईत?"

त्यांनी खाली बसून दोन खडे शेजारी शेजारी मांडले. "ह्यो हौश्या, उजवा. ह्यो पाखऱ्या, डावा. आपल्यासमोरनं अशी उजवीकडं गेली, तवा आपल्या जवळ कोण? हौश्या. आता दोघं वळून आली." त्यांनी दोन्ही खडे एकदम फिरवले. "जवळ कोण?"

"पाखऱ्या."

"आन तू हौश्याच ठेवलास. जल्मात डाव्या बाजूला चालला न्हाई त्यो."

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. कुळवावर बसून वाढलेली पोर, आणि शहाणपण गहाण टाकलं ते एका उण्याच्या चिन्हापायी! "आत्ता नीट करते," ती म्हणाली. पण आप्पा खड्यांकडं बघत तसेच बसून होते.

"इकली त्या दिवशी बी असंच झालं," ते म्हणाले. "पाव्हण्याच्या हातात कासरा दिला आन मी आत गेलो. बघवंना मला. खिडकीतनं बघितलं, तर त्यानं बाजू बदलून जुंपल्याली. हौश्या मान वळवून दाराकडं बघत हुता. नुसतं एवढं म्हणायचं हुतं की पाव्हणं, बाजू चुकली. पर घशातनं आवाजच निघंना. तशीच गेली गं."

बावीस वर्षं हा माणूस हे एकटाच घेऊन बसला होता. भाग्यश्रीला रडू आवरेना. तिनं त्यांचा हात धरून त्यांना सोप्यात आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

तिनं हौश्याला पलीकडं नेलं, पाखऱ्याला अलीकडं घेतलं. कुठला आकडा कशाचा ते तिनं दाखवलं, तसे आप्पा पॅनलवर बोट टेकवून सांगू लागले. "ह्यो आकडा वाढीव. हौश्या अर्धं पाऊल फुडं असायचा, लय घाई त्याला. अजून. बास. पाखऱ्याची मान जरा खाली घे." ती एकेक आकडा बदलत गेली. दिवस कलला. अंधारापूर्वी ताटावरून उठायची त्या घरची पिढ्यांची रीत, म्हणून आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

"थांब," आप्पा म्हणाले. "बैलं येऊ देत."

भाग्यश्रीनं फिल्म सुरू केली. जोडी गेली, बांधापाशी वळली आणि परत निघाली. अलीकडं पाखऱ्या, पलीकडं अर्धं पाऊल पुढं हौश्या. आप्पांनी पडद्यावर, हौश्याच्या मोडक्या शिंगाजवळ हात ठेवला.

"या रं," ते म्हणाले. "लय उशीर केलासा."