दसऱ्याला पुजलेलं काडतुसांचं मशीन

२०२० साली आमचा नागरिकत्वाचा अर्ज आयर्लंड सरकारकडे पडून होता. अर्जदार चारित्र्याने चांगला हवा, अशी त्यात अट असते. पोलिसांच्या दप्तरी नको तशी नोंद झाली की आमचं, म्हणजे माझं आणि बायकोचं, सगळं मुसळ केरात. हे मला पाठ होतं, तरी मी जे केलं ते केलं.

नेमबाजीचा नाद मला इथल्या एका क्लबात लागला. रायफलचा परवाना रीतसर, घरात लोखंडी पेटी, सगळं चोख. मग करोनामुळे क्लबाला टाळं लागलं, दुकानातली काडतुसं संपली आणि डब्लिनजवळच्या डून लेरीतल्या आमच्या दोन खोल्यांत घरून काम करून मला वेड लागायची पाळी आली. अशात अमेरिकन लोकांचे व्हिडिओ सापडले. वापरलेल्या पितळी पुंगळ्या टाकायच्या नाहीत, घरीच पुन्हा भरायच्या.

झालं. मी पुण्याचा, विळी घ्यायची तरी चार दुकानं फिरणारा. एक्सेल शीट उघडली. प्रेस, म्हणजे पुंगळीत गोळी दाबून बसवायचं यंत्र, एका वेळी एकच काम करणारा घ्यावा की फिरत्या डोक्याचा? नवशिक्याने एकेरीच घ्यावा, चूक लगेच दिसते. वजनकाट्यात कंजुषी नको, कारण दारू जास्त पडली तर रायफल तोंडावर फुटायची. शिवाय साच्यांचा संच आणि लांबी मोजायचं कॅलिपर. सगळ्याचे रकाने केले. हे या देशात चालतं का, असा रकाना मात्र माझ्या डोक्यातच आला नाही.

दारू नंतर घेऊ म्हटलं. प्रेस दसऱ्याच्या आधी आला. एरवी आम्ही लॅपटॉप पुजतो. यंदा पाटावर प्रेस ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूऐवजी बागेतली कसलीतरी पिवळी फुलं घातली आणि फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'यंदा खरी शस्त्रपूजा! आता काडतुसं घरीच!' भराभर अंगठे आले.

मग ग्रुपातल्या कायदा शिकणाऱ्या एका मुलीचा मला वेगळा मेसेज आला. 'दादा, इथे घरी काडतुसं भरायला बंदी आहे ना?'

क्लबातल्या जुन्या सभासदाला फोन लावला. तो म्हणाला, "घरी? डोकं फिरलंय का तुझं? लायसन नसताना भरलीस तर तुरुंगात जाशील."

फोटो काढून टाकला, पण तोवर तो दोनशे फोनांवर पोचला होता. कोण कुठे पाठवेल, काय सांगावं? दोन दिवस जिन्यात पाऊल वाजलं की पोलीसच आले असं वाटायचं. मी रडलोसुद्धा, आणि त्याची लाज वाटायचंही भान नव्हतं.

बायको म्हणाली, "हे बघ, भरलं आहेस का एक तरी काडतूस? नाही ना? मग तोंड उघडू नकोस. मशीन परत पाठव आणि गप्प बस."

तिचं ऐकायला हवं होतं. पण खाई त्याला खवखवे. तिसऱ्या दिवशी तिला न सांगता प्रेस पिशवीत घातला आणि पोलीस स्टेशनात जाऊन काचेपलीकडच्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, हळदकुंकवासकट.

त्याने शांतपणे ऐकलं. प्रेस उलटसुलट करून पाहिला.

"दारू आहे घरात?"

"नाही."

"काही भरलंयस?"

"नाही."

"मग यू आर ग्रँड, काळजी नको. नुसतं यंत्र ठेवलंस म्हणून मी तुला काही करणार नाही. कुणी तक्रारही केलेली नाही." मी काचेला टेकून श्वास सोडला. त्याने एक रजिस्टर पुढे ओढलं. "पण आता तू स्वतः येऊन सांगितलंस, तर मला लिहून ठेवावं लागेल."

त्याला माझं आडनाव लिहिता येईना. मग मीच एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि त्याने लिहिलेलं बरोबर आहे ना, तेही वाकून तपासलं.