‘सब’ म्हणजे खाली

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

गुंजवण्याजवळच्या आमच्या शाळेत आज ‘सबमर्ज’ हा शब्द शिकवला. ‘सब’ लॅटिनमधून आलेला, अर्थ ‘खाली’. ‘मर्ज’ म्हणजे बुडणं. शाळेतल्या शिपाई सखूबाई दारातूनच म्हणाल्या, “बाई, मंजी आमचं घर.”

त्यांचं घर धरणात गेलंय. सध्या पाणी उतरलंय, म्हणून शाळा सुटल्यावर त्या मला ते दाखवायला घेऊन गेल्या. गाळातून उंबरा वर आला होता. त्यावर ताजं हळदीकुंकू होतं. भोवतीच्या ओल्या गाळात मात्र एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

“तुम्ही लावलंत?”

“न्हाई. पर म्या रोज असंच लावायची,” त्या हळू म्हणाल्या आणि चपला काढून उभ्या राहिल्या.

माझं पाऊल पुढे पडलं नाही. तुमचं पडलं असतं?