तीसपैकी अठ्ठावीस

माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा लातुरातल्या डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला आणि बाराव्या दिवशी घरी पाठवलं. दादाला चालता येत होतं, बोलता येत होतं, डोक्याला टाकासुद्धा नव्हता. भेटायला येणाऱ्यांची निराशाच व्हायची. एवढ्या लांबून यायचं आणि बघायला काहीच नाही.

बघायला होतं, पण ते दुकानात. क्लासेसच्या गल्लीत दादाचं झेरॉक्सचं दुकान आहे. लातूरची पोरं डॉक्टर कुठं होतात म्हटलं की लोक क्लासचं नाव सांगतात. खरं तर ती दादाच्या मशीनमधून निघतात. पूर्वी तो गठ्ठ्यावरून अंगठा फिरवून सांगायचा, ‘‘एक पान कमी हाय.’’ आता पहिल्या पानामागं सातवं लावायचा, त्यामागं पुन्हा पहिलं, आणि पिना मात्र अगदी सरळ रेषेत मारायचा. एका बॅचला प्रश्नांच्या आधी उत्तरं मिळाली. त्या बॅचची तक्रार आली नाही. पुढच्या बॅचला नुसते प्रश्न गेले, तिची आली.

घरी तेच. चहा करतो म्हणून उठायचा, गॅस पेटवायचा आणि पातेलं न ठेवताच साखरेचा डबा हातात धरून उभा राहायचा. चहाला काय काय लागतं ते विचारा, आल्यासकट सांगायचा.

डॉक्टर म्हणाले, कामाचा क्रम लावणारा मेंदूचा भाग दुखावलाय, तो शिकवून परत आणावा लागतो. पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं खरं. मेंदूच्या पुनर्वसनाचं एक केंद्र नांदेडला आहे, पण जागा मोजक्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून चिठ्ठी दिली तरच घेतात. हे कळेपर्यंत पाच महिने गेले होते. दादाला पुन्हा दुकानात बसवायचं तर उरलेले सातच.

पुनर्वसन म्हटल्यावर वहिनी दचकली. ‘‘ह्यांना कुठं हलवायलेत, भाऊजी?’’

तिचं चुकलं नाही. आमच्याकडं पुनर्वसन म्हणजे भूकंप. भूकंपानंतर आमच्या गावाकडच्या घराची पाहणी करायला एक साहेब येणार होते. भिंतींना पाच भेगा पडल्या होत्या. मी मोजल्या होत्या. आईनं आदल्या दिवशी पाचही भेगा मातीनं लिंपल्या, वरून चुना दिला, दारात सडा घातला. परका माणूस घरी येणार आणि भिंती अशा? साहेबांनी चहा घेतला, घराच्या टापटिपीचं कौतुक केलं आणि यादीत ‘सुस्थितीत’ असं लिहून गेले. पुढच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. अर्थात सुस्थितीतच बसली असणार, कागद तसं सांगत होता. या गोष्टीवरून मी आईला ती असेपर्यंत हसलो.

मी नांदेडला पाटबंधारे खात्यात पावसाचे आकडे लिहितो. पडला तेवढाच लिहितो. दादाला घेऊन केंद्रात गेलो तेव्हा आमच्या पुढं मुखेडकडचे एक आजोबा होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून डॉक्टरबाई मोठ्यानं विचारत होत्या आणि दार उघडं होतं.

‘‘आज वार कोणता, आजोबा?’’

‘‘काल बाजार झाला. आता तुमीच सांगा.’’

मग तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असं बरंच. कोणत्या उत्तराला किती गुण, तेही ऐकू येत होतं. मी सवयीनं सगळं डायरीत टिपून घेतलं. एकूण तीस गुण. त्या दिवशी आमचा नंबर आला नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

लातूरला जाऊन मी दुकानात बसलेल्या वहिनीला डायरी वाचून दाखवली, नुसती कल्पना यावी म्हणून. तेवढ्यात समोरच्या क्लासचे सर छपाईचे गठ्ठे न्यायला आले.

‘‘साहेब, पेपर हातात हाय आन् तुम्ही नुसतं वाचून दाखवायलाव?’’

‘‘पेपर नाही, तपासणी आहे.’’

‘‘मार्क हायेत का?’’

‘‘तीस.’’

‘‘मग पेपरच की.’’

मी म्हणालो, ही पेपरफुटी झाली. सर दुखावले. ‘‘न्हाई न्हाई. तुम्ही दारातून ऐकलाव. ह्याला सराव संच म्हणतात.’’

मी पुढं वाद घातला नाही, हे इथं लिहायलाच हवं. जागा मोजक्या असल्या की मेरिटवर लागतात, हे लातुरातल्या शेळीलाही माहीत असतं. शिवाय आपला थोरला भाऊ परक्या बाईसमोर आज वार कोणता ते सांगू शकत नाही, हे मला बघवणार नव्हतं.

पंधरा दिवस शिकवणी चालली. सरांनी पद्धत सांगितली: ‘‘शंभर विसरा, वजाबाकी विसरा. नुसते पाच आकडे पाठ करा.’’ वहिनी भाकरी थापता थापता विचारायची आणि दादा शेजारी मांडी घालून म्हणायचा. रक्तस्रावानं त्याचं बरंच काही नेलं होतं. घोकंपट्टी तेवढी शाबूत ठेवली होती. मी रोजचे गुण फोनवरून घेऊन आलेख काढला. पहिल्या दिवशी अकरा, पाचव्या दिवशी सतरा, चौदाव्या दिवशी सत्तावीस. पावसाचा आलेख कधी इतका सरळ चढत नाही. याची मला शंका यायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाई ‘‘शंभरातून’’ एवढंच म्हणाल्या.

‘‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट,’’ दादा म्हणाला.

दाराशी वहिनीचे ओठ हलत होते. तीसपैकी अठ्ठावीस पडले. डॉक्टरबाईंनी फाईल मिटली. ‘‘छान आहेत हे. यांना केंद्राची गरज नाही. जागा गरजूला देऊ.’’

बाहेर आल्यावर वहिनीनं हळूच विचारलं, ‘‘म्हंजे नंबर लागला न्हाई?’’

‘‘जास्त पडले.’’

ती फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसली. दादा खुशीत होता, जाणाऱ्या-येणाऱ्याला अठ्ठावीस सांगत होता. मला आईचा चुना आठवला. तिनं निदान आलेख काढला नव्हता.

मी परत आत गेलो आणि डायरी डॉक्टरबाईंच्या पुढं ठेवली. त्यांनी तीन पानं वाचली. आलेखही बघितला.

‘‘अक्षर चांगलं आहे तुमचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बोलवा त्यांना.’’

कोपऱ्यात विजेची किटली होती. त्या दादाला म्हणाल्या, ‘‘मला जरा चहा करून द्या.’’

दादानं कपात साखर घातली. दुसऱ्या कपातही घातली. मग पहिल्यात पुन्हा. किटलीचं बटण दाबलं. आत पाणी नव्हतं. चहा पावडरीचा डबा उघडून त्यात बघत उभा राहिला, बराच वेळ. सोबत आत आलेली वहिनी उठायला लागली तेव्हा डॉक्टरबाईंनी हातानंच बसवलं. मग त्यांनी स्वतः किटली बंद केली, आणि विचारलं, ‘‘चहाला काय काय लागतं?’’ दादानं आल्यासकट सगळं सांगितलं.

त्यांनी चहाचे दहापैकी गुण मांडले आणि चिठ्ठी लिहिली.

पायऱ्या उतरताना दादानं विचारलं, ‘‘आता किती पडले?’’

‘‘दहापैकी तीन.’’ पडले तेवढेच सांगितले.

‘‘मग?’’

‘‘नंबर लागला.’’

दादा दोन पायऱ्या विचार करत उतरला. ‘‘तिनावर नंबर लागतो? मग असलं कॉलेज लातुरात का न्हाई?’’

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, ते मी बघितलं नाही.

तेव्हापासून दादा नांदेडला माझ्याकडंच होता. केंद्रातला पहिला धडा चहाचाच निघाला: आधी पाणी, मग बटण, मग पावडर. पहिल्याच आठवड्यात सरांचा फोन आला. गल्लीतल्या आणखी एका पेशंटच्या घरच्यांना डायरीची झेरॉक्स हवी होती.

मी दिली नाही.