राबाच्या धुरातलं ऊन

समजा, तुमच्याकडे ऊन मोजायचं यंत्र नाही. हाताशी फक्त रोह्याचं रोजचं कमाल आणि किमान तापमान आहे. त्यावरून कोलाडपलीकडच्या डोंगरवाडीत किती ऊन पडतं, सांगा बघू!

सरू हे करते. आभाळ निरभ्र असलं की दुपार तापते नि रात्र निवते, म्हणून दोन तापमानांतला फरक मोठा. ढग आले की फरक कमी. त्या फरकावरून सूत्राने ऊन काढायचं आणि उन्हावरून सोलर पॅनल ठरवायची. गागोद्याच्या भातशेतकऱ्याची ही मुलगी डिप्लोमा करून पेणला हैबतरावांच्या सोलरच्या धंद्यात लागली. मी तिच्याच हाताखाली शिकलो.

वाडीचा पाण्याचा पंप हा तिचा पहिला स्वतंत्र हिशेब. तिथली कमळी उन्हाळाभर नदीवरून डोक्यावर पाणी आणायची. सरूने आठ पॅनल लागतील असं काढलं. एप्रिलमध्ये जागा पाहायला गेलो, तर वाडीखालच्या शेतांत राब पेटलेले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं चालू होतं. सरूचे डोळे चुरचुरले आणि ती जागीच थांबली.

"लहानपणापासून राब भाजतेय मी, नि हिशेबात धूरच नाय! तापमान रोह्याचं, धूर हितला."

पॅनलची ऑर्डर त्याच दिवशी जायची होती. हैबतराव फोनवर वैतागले, "आता आभाळ पुसत बसणार काय गो? सूत्र तूच लावलंस ना?"

"मीच लावलं. म्हणून तर थांबा म्हणते, काका."

दुसऱ्या सकाळी तिने दोन सारखी छोटी पॅनल आणली. एक वाडीत, धुरात. दुसरं वरच्या मोकळ्या टेकाडावर, तिथे मीटर धरून कमळीचा नवरा सोमा.

"सोमादादा, किती?" सरूने मोबाइलवर विचारलं.

"चार अँपिअर!"

"हितं तीनच."

"ताई, तुमचा मीटर उपाशी हाय!"

सरूजवळ उभी कमळी हसली नाही. "बाय, मग पानी येल का नाय?"

"येईल. पॅनल वाढवायला लागतील."

हैबतरावांनी कुरकुरत तीन वाढवली. मे महिन्यात उरलेले राब धुमसत होते, तरी टाकी भरून वाहिली. कमळीने रिकामा हंडा सरूपुढे धरला, "पयला तुझ्या हातानं भर."

सरूने भरला. पण तिची नजर खालच्या धुरावरच होती.

"आपण मोजलं तेव्हा वारा खाडीकडून होता, निम्मा धूर बाजूला जात होता," ती मला म्हणाली. "त्या एका सकाळचा आकडा मी अख्ख्या उन्हाळ्याला लावलाय. वारा फिरला, तर हा धूर किती ऊन खाईल?"