खिडकीतून हात केला आणि वाकळ गेली

जर्मनीहून आल्यापासून भवानी पेठेतल्या बायका मला ओट्यावर बसवून विचारतात, "राजाक्का, काय काय बघितलंस गं तिकडं?" मी सांगते, राजाची बाग बघितली, मोठं तळं बघितलं, तळ्यातली बदकं बघितली. ते खरंच आहे, पण ते सगळं मिळून दोन दिवसांचं. मधले काही दिवस मी काय करत होते ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात माझी शोभा होती. आता लेकीनंच फोनवर सोनालीला सांगून टाकलं. सोनाली आमची शेजारीण. तिला सांगितलं की पेठेत वेगळी दवंडी द्यावी लागत नाही. तेव्हा तिच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझंच ऐका.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. मी दुसरी पास. तिसरीत गेले होते, पण पंधरा दिवसांत मेंढरांमागं लागले आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन सोलापुरात आले. मालक चादरीच्या कारखान्यात मागावर आणि मी घरात वाकळा शिवायला. जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक पसरायची, कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्याला यायचं. निम्म्या पेठेनं माझ्या वाकळा पांघरल्यात. अजून माझा टाका उसवला म्हणून कुणी दारात आलेलं नाही. हा एवढा एक गर्व मला होता, तो घेऊनच मी विमानात बसले.

दोन वर्षांमागं मालक गेले. दिपाली, माझी एकुलती एक लेक, तेव्हा हॅनोव्हरला नवऱ्याजवळ. तिचे व्हिसाचे कागद कुठल्याशा ऑफिसात अडकलेले. तिला येता आलं नाही. बापाची माती तिनं फोनच्या काचेत बघितली. त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. दिवस गेल्यावर मात्र एकदम म्हणाली, "आई, बाळंतपणाला येशील तवा मला डिंकाचे लाडू नकोत, काय नको. अण्णांचं धोतर आत घालून एक वाकळ शिव. माझं लेकरू पयलं तिच्यावर निजंल."

आमच्यात बारशापर्यंत लेकराला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लावतात. म्हणून वरून माझं अंजिरी लुगडं, खालून सासूबाईंचं हिरवं आणि मध्ये मालकांचं धोतर, अशी वाकळ शिवली. विमानतळावर बॅग जड झाली. तिथला पोरगा म्हणाला, आजी, दोन किलो काढा. मी तिथंच फरशीवर बसून बॅग उघडली. कडक भाकऱ्यांची चवड काढली, शेंगाचटणीचे डबे काढले आणि रांगेतल्या लोकांना वाटून टाकले. वाकळ काढली नाही. एवढ्या लांब सांभाळून नेली आणि तिकडं जाऊन कशी घालवली ते ऐका.

तिकडं गेल्यावर अकरा दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी लख्ख पडलं. दिपाली आणि आमचे जावई, अभिमन्यूराव, तपासणीला दवाखान्यात गेले होते. घरात मी एकटी. मला वाटलं, लेकराच्या वाकळेला ऊन दाखवावं. वाकळ काखेत मारून तीन जिने उतरले. खाली फुटपाथवर बघते तर कुणीतरी आधीच आपलं सामान उन्हात मांडलेलं. एक खुर्ची, एक दिवा, कपबशांचं एक खोकं, खोक्यावर कागद चिकटवलेला. मी मनात म्हटलं, चला, इथली माणसंही आपल्यासारखीच. कागदावर काय लिहिलंय ते मला काय कळणार? मराठीच मी बोट ठेवून वाचते. मी वाकळ त्या खुर्चीवर छान पसरली, चारी टोकं सरळ केली आणि वर येऊन खिडकीत बसले.

थोड्या वेळानं आभाळ आलं. मी उठणार, तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई खुर्चीजवळ थांबली. तिनं वाकळेवरून हात फिरवला. मग जपून घडी घातली. मला इतकं बरं वाटलं! आपल्या गल्लीत पावसाचा थेंब आला की शेजारीण आधी आपली वाळवणं उचलते, मग स्वतःची. म्हटलं, परक्या मुलखातही माणुसकी आहे बघ. मी खिडकी उघडली आणि तिला जोरजोरात हात केला. तिनं वर बघितलं, हसली, तिनंही हात केला. वाकळ पिशवीत घातली, खुर्ची काखेत मारली आणि गेली.

मी चहा ठेवला. दोन कप ठेवला, ती वाकळ द्यायला आली तर असावा म्हणून.

ती आली नाही. दिपाली आली. "आई, वाकळ कुटं हाय?"

"शेजारणीनं उचलून ठिवलीय गं, पाऊस आला म्हनून."

"कुठल्या शेजारणीनं? हितं कोन कुनाचं उचलतंय?"

"तुला म्हाईत न्हाय. उंच हाय एक."

संध्याकाळी मी गुपचूप खाली जाऊन सगळ्या दारांच्या घंट्या वाजवल्या. हातानं उंच दाखवायचे, मग घडी घालून दाखवायचे. एका माणसानं मला शिडी आणून दिली. एका पोरीनं टॉवेल दिला. उंच बाई कुणाच्याच घरात नव्हती. शेवटी जावयाला बाल्कनीत गाठलं आणि सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले.

"मामी, त्या खोक्यावर लिवलं हुतं, फुकट न्या. नको असलेलं सामान हितं लोक असंच बाहेर ठेवत्यात. ज्याला पायजे तो नेतो."

"आनि मी तिला हात केला की वो!"

"मग तर तुमी दानच केलं."

हसू आवरून ते म्हणाले, दिपालीला सांगू नका, दिवस भरत आलेत, मी शोधतो. मग दोन दिवस मी लेकीशी खोटं बोलले. शेजारीण गावाला गेलीय म्हणाले. कुठल्या गावाला विचारलं तर मला तिथल्या एकाही गावाचं नाव येईना, म्हणून म्हटलं माहेरी गेलीय.

जावयांनी चिठ्ठी छापून खांबाखांबाला लावली. पण त्यावर वाकळेचा फोटो पाहिजे होता आणि त्यांच्या फोनमध्ये वाकळेचा एकच फोटो होता, मी सोलापुरातून पाठवलेला. त्यात वाकळ पसरलीय आणि मधोमध मी बसलेय, केस सुटलेले, दातानं दोरा तोडतेय. वर मोठ्या अक्षरांत 'शोध', खाली बारीक अक्षरांत वाकळेची हकिकत. लांबून बघणाऱ्याला त्यात वाकळ दिसायचीच नाही, दिसायची फक्त मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावाच्या दुकानापर्यंत फिरायला गेले. एका बाईनं माझ्याकडं बघितलं, खांबाकडं बघितलं आणि माझं मनगट धरलं. मी सोडवायला बघते तर सोडेना. गोड बोलत मला बाकड्यावर बसवलं, कॉफी पाजली, पाव खायला लावला आणि फोन लावला. हरवलेली म्हातारी सापडली म्हणून! मी आपली "न्हाय न्हाय, वाकळ, वाकळ" म्हणतेय आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवतेय. भोवती चार माणसं जमली. एकानं आपला कोट माझ्या अंगावर घातला. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि तेही न हरवता.

जावई कामावर होते, त्यांनी दिपालीला पाठवलं. ती नवव्या महिन्याचं पोट घेऊन धापा टाकत आली. त्या बाईनं तिच्या हातात चिठ्ठी दिली. दिपालीनं मोठी अक्षरं वाचली, मग बारीक अक्षरं वाचली. तिनं सगळ्यांचे आभार मानले, कोट परत दिला आणि माझ्याशेजारी बसली.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा गेले तवा मी नव्हते," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा गेले, तवा बी मी नव्हते."

उरलेला पाव मी पदरात बांधला आणि तिच्यामागं उठले. घरी येईपर्यंत ती माझ्यापुढं दहा पावलं चालत होती.

दुपारी घंटी वाजली. जावई लवकर घरी आले होते, त्यांनी दार उघडलं. दारात ती उंच बाई, हातात पिशवी. तिचं नाव उर्सुला. ट्रामच्या थांब्यावर तिनं चिठ्ठी बघितली होती आणि खिडकीतली म्हातारी ओळखली होती. तोंड लाल झालेलं. भराभर बोलली, मग जावई माझ्याकडं वळले.

"मामी, ती म्हनतीय, तुमी खिडकीतनं हात केला, हसला. तिला वाटलं, तुमी आनंदानं देताय. ती बी वाकळा शिवती म्हनं. असली तिनं कदी बघितली नव्हती."

तिनं वाकळ काढली. धुतलेली, इस्त्री केलेली. मी उलगडली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक बाजू पार उसवलेली! थर कसे लावलेत ते बघायला तिनं कडेपासून आत हातभर सगळे धावदोरे सोडवले होते.

"अगं बया! माझा टाका उसवला! हिला सांगा, जावईबापू, पेठेत अजून कुनाची छाती झाली न्हाय..."

"आई, जरा गप," दिपाली म्हणाली.

तिनं त्या उसवलेल्या बाजूनं हात आत घातला. कोपरापर्यंत घातला. धोतराचा काठ बाहेर ओढला. त्यावर विडीनं जळलेलं एक भोक होतं, लाल दोऱ्यानं रफू केलेलं. मी एकदा माहेरी गेले असताना मालकांनी स्वतः केलं होतं. पांढरा दोरा शोधायचा कंटाळा. टाके असे की कोंबडी चालून गेल्यासारखे. शिवताना मी ते मुद्दाम आतल्या बाजूला दडवलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून.

दिपाली खाली जमिनीवर बसली. त्या लाल दोऱ्यावर तिनं गाल ठेवला आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा रडली. उर्सुलाला वाटलं तिच्यामुळंच, तीही रडायला लागली. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी काय करणार, सगळ्यांना चहा केला.

त्यानंतर चौथ्या दिवशी नात झाली. दवाखान्यातून आली ती थेट त्या वाकळेवर निजली. उसवलेली बाजू शिवायची तशीच राहिली होती. आज शिवू, उद्या शिवू असं दिपाली रोज म्हणायची. लेकराला पाजायला बसली की तिचा एक हात त्या उघड्या बाजूनं आत गेलेला असायचा. उर्सुला अधूनमधून यायची, नातीला बघायची, वाकळेकडं बघायची आणि सुईदोऱ्याच्या खुणा करायची. मी दिपालीकडं बोट दाखवायचे.

निघायच्या दिवशी दुपारी माझी बॅग भरून झाली. नात पाळण्यात होती, दिपाली कुशीवर वळून झोपली होती आणि वाकळ रिकामी पडली होती. मला राहवेना. मी पेठेतली राजाबाई, उघडी वाकळ मागं ठेवून कशी जाऊ? अंजिरी दोरा काढला, सुईत ओवला, चष्मा लावला आणि कडेला गाठ मारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई. सुई ठेव."

"अगं, दोनच टाके. लोक बघतील तर काय म्हन्तील?"

"म्हनू देत. तू ठेव आदी."

मी सुई ठेवली. दिपाली पुढं सरकली, हात आत घातला आणि तशीच पुन्हा झोपली.