गाठीला लोखंड

माझी मावशी गंगम्मा देवणीच्या बाजारात वळूच्या वेसणीला बेधडक हात घालायची. पण गाठीला लोखंड लागलेलं तिला चालत नसे. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या मानेतली गाठ कापली आणि दोन महिन्यांत त्यांना माती द्यावी लागली. गाठ आधीच पसरली होती, हे तिला कुणी नीट सांगितलंच नाही. तेव्हापासून अख्ख्या गल्लीला तिचा हुकूम होता: गाठ शेका, बिब्बा लावा, पण लोखंड लावू नका. आणि गंगम्माचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा तिचंच पोट फुगलं. "म्हातारपणी दिवस गेले का काय मला!" म्हणून ती हसली. दोन महिने बिब्बे लावून झाले, तेव्हा कुठे तिची मुलगी उज्वला तिला लातूरला माझ्याकडे घेऊन आली.

सीटी स्कॅन झाला. पडद्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "पोटाच्या आतलं अस्तर बघा, थापलेल्या भाकरीएवढं जाड झालंय. पाणीही साचलंय. गाठी एवढ्या मोठ्या, तरी आतडं अडलेलं नाही. मला लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा संशय आहे. तो असेल तर औषधाने विरघळू शकतो. पण टीबी किंवा दुसरा कॅन्सरही असाच दिसतो. सुईने तुकडा काढल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही."

"फोटू काढला न्हवं? मग त्याच्यावरूनच द्या की दवा," मावशी म्हणाली. "सुई लोखंडाचीच हाय."

"मावशी, काकांचं दुखणं येगळं होतं," मी म्हणालो.

"त्यास्नीबी लई गोड बोलूनच नेलं होतं."

मी चिडलो, नको ते बोललो. उज्वला रडली, "अव्वा, ऐक की," म्हणत आईच्या पाया पडली. मावशी एसटीत बसून देवणीला निघून गेली.

महिन्याभरात तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसायची आणि धापा टाकायची. लेकीचं रडणं काही थांबेना. शेवटी म्हणाली, "घाल बाई, काय घालायचं ते घाल. तुझं रडणं बघवंना."

पुन्हा लातूर. सुई घालून तुकडा काढला, तेव्हा तिने विचारलं, "झालं? एवढंच व्हय?" ते ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तोवर तिची किडनी बंद पडत आली होती. तपासणीचा निकाल यायच्या आतच ती गेली.

देवणीला तिला माती देऊन परतताना डॉक्टरांचा फोन आला. लिम्फोमाच होता. वेळेवर औषध मिळतं तर वाचण्याची आशा होती, असं ते म्हणाले.

मावशीच्या दारात बसलेल्या बायकांचा निकाल आधीच लागला होता. "सुई टोचली अन् आठवड्यात गेली. गंगम्मा सांगतच होती की."

"सुईनं न्हाई गेली! उशीर झाला म्हणून गेली!" मी ओरडलो. बायका आपसात तेच बोलत राहिल्या. निदान उज्वला तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "दादा, अव्वा नको म्हणत हुती. मी रडले म्हणून तिनं सुई घेतली."